आयटीचा कारभार नव्याने हाती आला, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न चाकणजवळच्या एका कारखान्यातला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, माणसं ३८०, संगणक ११० च्या आसपास, दहा वर्षं जुनी ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि आयटीत तुम्हाला धरून तीन जण. आधीचे मॅनेजर महिन्याची नोटीस देऊन गेले आणि सगळं तुमच्या अंगावर आलं. मालकांना नवी ईआरपी हवी आहे, पण ‘आयटी म्हणजे नुसता खर्च’ असंही तेच म्हणतात. तुम्ही विचारलंत की हात कुठून घालू, नवी ईआरपी आधी की सुरक्षा आधी, आणि एखादं सर्टिफिकेट करून घ्यावं का.

मी सत्तावीस वर्षं हेच काम केलं, भोसरीतल्या पत्र्याच्या शेडपासून दोन हजार माणसांच्या प्लांटपर्यंत. तुमच्या जागी मी असतो तर पहिले तीन महिने एकच प्रश्न घेऊन फिरलो असतो: ही गोष्ट आज बंद पडली, तर ती कोण, कशाच्या आधारावर आणि किती वेळात परत उभी करेल? सर्व्हर असो, लेबल प्रिंटर असो, ईमेल असो की एखाद्याच्या डोक्यातली माहिती असो. ईआरपीचा निर्णय, सुरक्षेचा निर्णय, बजेटचा आकडा, सगळं या प्रश्नाच्या उत्तरातून सुटत जातं.

हे मी का म्हणतो, ते सांगतो. २००९ साल. मी तेव्हा एका फोर्जिंग कंपनीत होतो. गणपतीच्या आधीचा आठवडा होता आणि डिस्पॅचची घाई चालली होती. रात्री पावणेदोनला वॉचमनचा फोन आला की सर्व्हर रूममधून शिट्टीसारखा आवाज येतोय. सर्व्हरमधली एक डिस्क पंधरा दिवसांपूर्वीच गेली होती आणि नवीन मागवायचा कागद सहीसाठी पडून होता. त्या रात्री दुसरी गेली. तरी मी फारसा घाबरलो नाही, कारण बॅकअप यशस्वी झाल्याचा मेल रोज सकाळी येत असे आणि मी तो रोज बघत असे. सकाळी सातला बॅकअप उतरवायला घेतला तेव्हा कळलं की आतला डेटा सात महिन्यांपूर्वीचा आहे. जानेवारीत ईआरपीची नवी आवृत्ती बसवताना व्हेंडरच्या माणसाने डेटाबेस दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता. बॅकअपला ते कुणी सांगितलंच नाही. तो रोज रात्री जुन्या जागेवरचं जुनं फोल्डर उचलत राहिला आणि काम झालं म्हणून कळवत राहिला.

पुढचे एकोणीस दिवस आम्ही सात महिन्यांच्या नोंदी हाताने टाइप केल्या. स्टोअरमधली जीआरएनची (माल आल्याच्या पावत्यांची) पुस्तकं, गेटवरचं रजिस्टर, चलनाच्या गुलाबी प्रती, जे मिळेल त्यावरून. स्टोअरमधल्या दोघीजणी रात्री नऊपर्यंत बसायच्या आणि मग कंपनीची गाडी त्यांना घरी सोडायची. त्यांच्या घरी गणपती होते. त्यांचा यात काहीही दोष नव्हता. दोष माझा होता. मी आलेला मेल वाचत होतो, बॅकअप उघडून बघत नव्हतो. तेव्हापासून आजपर्यंत एकही महिना मी रिस्टोर करून, म्हणजे बॅकअप परत उतरवून, बघितल्याशिवाय जाऊ दिलेला नाही.

हे लहान कंपन्यांतच होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसायची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी डेटा काही सेकंदांत गेला. मग एकेक बॅकअप बघायला गेले, तर कुठला चालूच नव्हता, कुठला आवृत्ती जुळत नाही म्हणून कधीपासून फसत होता, आणि फसल्याचे मेल अडवले जात असल्यामुळे कोणालाच पोचत नव्हते. एकाने साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. आणि २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सहाशेच्या वर सरकारी प्रणाली बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायच्या यंत्रणेतला ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. इतका मोठा डेटा कॉपी करणं जमत नाही, असं कारण तेव्हा दिलं गेलं. म्हणून ‘आपलं सगळं क्लाउडवर आहे’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, त्याची दुसरी प्रत कुठे आहे? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचा बॅकअप त्याच आगीत गेला.

आता तुमच्या कारखान्याकडे वळू. बहुतेक जण आयटीची यादी करायला बसतात ती संगणकांची: किती आहेत, कोणत्या कंपनीचे, वॉरंटी कधी संपते. ती यादी लागेलच, पण तिने सुरुवात करू नका. एक दिवस सकाळच्या शिफ्टला जा आणि एका पार्टच्या मागे चालत राहा. ग्राहकाच्या पोर्टलवरून शेड्यूल कोण उतरवून घेतं, ते ईआरपीत कसं येतं, प्लॅनिंगवाला ते एक्सेलमध्ये का कॉपी करतो, शॉप फ्लोअरवर जॉब कार्ड कुठून छापलं जातं, क्वालिटीचा रिपोर्ट कुठे साठतो, पॅकिंगला लेबल कोण काढतं, इनव्हॉइस आणि ई-वे बिल कोण करतं, गेटवर गाडी कधी सुटते. प्रत्येक जागी थांबा आणि विचारा, हे आत्ता बंद पडलं तर तुम्ही काय कराल? उत्तर वहीत लिहा. लॅपटॉप उघडू नका. समोर लॅपटॉप उघडला की माणसं जपून बोलायला लागतात.

या फेरीत जे सापडतं ते कोणत्याही यादीत नसतं. मला एका प्लांटमध्ये पॅकिंगच्या टेबलाखाली धुळीने माखलेला एक संगणक सापडला. ग्राहकाच्या नमुन्याप्रमाणे बारकोड लेबल छापणारं सॉफ्टवेअर जगात फक्त त्या एका मशिनवर होतं. लेबल नसलेला माल ग्राहकाच्या गेटवरून परत येतो. म्हणजे दिवसाला कोट्यवधींचा माल त्या टेबलाखालच्या डब्यावर अवलंबून होता आणि आयटीच्या नोंदीत तो ‘भंगार’ असा होता. दुसऱ्या एका ठिकाणी कंपनीचं डोमेन, म्हणजे वेबसाइट आणि मेलच्या पत्त्यातलं नाव, सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या खासगी ईमेलवर नोंदलेलं निघालं. नूतनीकरणाची सूचना त्या मेलवर जात राहिली, एका शनिवारी डोमेन संपलं आणि सगळ्या कंपनीचा मेल बंद झाला. ग्राहकांची शेड्यूल्स मेलवर यायची. त्या मुलाला शोधून, विनंती करून डोमेन परत मिळवायला तीन दिवस लागले.

अशीच आणखी एक जागा म्हणजे जीएसटीची पोर्टलं. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून ई-इनव्हॉइस व ई-वे बिलाच्या पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा सगळ्यांनाच लागू आहे. तो ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो हे आजच बघा. तो नंबर सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल, किंवा साहेबांचा असेल आणि साहेब विमानात असतील, तर गाडी भरून गेटवर उभी राहील. आयआरएन (ई-इनव्हॉइसच्या पोर्टलने दिलेला क्रमांक) नसलेलं बिल बिल धरलं जात नाही. सर्व्हर धडधाकट, नेट चालू, आणि तरी डिस्पॅच बंद. आयटीच्या माणसाला हेही आपलंच काम वाटायला हवं.

फेरी झाली की प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा. एक, हे किती वेळ बंद राहिलं तर चालेल? दोन, परत उभं राहील तेव्हा किती मागचा डेटा गेलेला चालेल? हे आकडे तुम्ही ठरवायचे नाहीत, त्या त्या विभागप्रमुखाने ठरवायचे. पहिल्या खेपेला सगळे ‘एक मिनिटही नाही’ म्हणतील. मग त्यांच्यासमोर किंमत ठेवा: पंधरा मिनिटांत परत हवं तर दुसरा तयार सर्व्हर लागेल, त्याला इतके लाख, चार तास चालत असतील तर रोजचा बॅकअप आणि एक सुटं मशिन पुरेल. मग खरी उत्तरं येतात. माझ्या अनुभवात कारखान्यात सर्वांत कमी वेळ सहन होतो तो डिस्पॅचला, आणि सर्वांत जास्त चालतो तो एचआरला, फक्त पगाराचे शेवटचे तीन दिवस सोडून. अकाउंट्सला महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या (जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या मुदतीच्या) आधी हात लावू नये, बाकी दिवशी ते एक दिवस कळ काढतात. ही तारखांची जाण हाती नसेल तर देखभालीचं काम नेमकं चुकीच्या दिवशी निघतं.

बॅकअपचं तंत्र सोपं आहे. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक कारखान्याच्या बाहेर. त्यात एक भर घाला: एक प्रत अशी हवी की नेटवर्कवरून तिला कोणीच, तुम्ही स्वतः ॲडमिन म्हणून लॉगिन केलंत तरी, पुसू शकणार नाही. रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारी, टोळी आत शिरली की आधी बॅकअप शोधून तो नष्ट करते, मगच फाइली कुलूपबंद करते. कपाटातल्या, वायर काढून ठेवलेल्या डिस्कपर्यंत तिचा हात पोचत नाही. आणि कारखान्याच्या बाहेर म्हणजे खरंच बाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत कित्येकांचे तळघरातले सर्व्हर आणि शेजारच्याच खोलीत ठेवलेल्या टेप एकत्र बुडाल्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कोल्हापूर, सांगली, चिपळूणच्या लोकांना तेच पुन्हा दाखवलं.

माणसांच्या डोक्यात असलेल्या माहितीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तुमच्याकडे आधीचे मॅनेजर नुकतेच गेलेत. त्यांच्याशी संबंध चांगले असतील तर एक रविवार मागा आणि घरी जाऊन बसा. पासवर्ड तर घ्याच, पण त्याहून महत्त्वाचं हे विचारा: कोणती गोष्ट तुम्ही दर महिन्याला हाताने करत होता, जी कुणालाच माहीत नाही? प्रत्येक आयटी मॅनेजरकडे अशा सात-आठ गोष्टी असतात. महिनाअखेरीला एखादी लॉग फाइल रिकामी करायची, एखादी सेवा दर सोमवारी बंद करून सुरू करायची, एखाद्या लायसन्सची तारीख लक्षात ठेवायची. ते गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी या गोष्टी एकेक करून उघड्या पडतात, आणि तेव्हा ‘नवीन माणूस आल्यापासून सिस्टिम बिघडली’ असं लोक म्हणतात.

मुख्य ॲडमिन पासवर्ड एका लिफाफ्यात सीलबंद करून साहेबांच्या तिजोरीत ठेवा. लिफाफा उघडला की पासवर्ड बदलायचे आणि नवा लिफाफा करायचा. तुमच्या दोन सहकाऱ्यांना, आणि स्वतःलाही, वर्षातून एकदा सलग आठवडाभर रजेवर पाठवा, फोन बंद ठेवून. बँकांमध्ये संवेदनशील जागांवरच्या माणसांना सलग सक्तीची रजा देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिथे हेतू गैरव्यवहार उघडकीस यावा हा आहे. आपल्याकडे त्याने काय फक्त एकाच माणसाला येतं ते उघडकीस येतं. शिवाय या मुलांना रात्री-बेरात्री फोन येतात, सणाला सुट्टी मिळत नाही, आणि काम नीट चाललं की कुणाचं लक्षही जात नाही. त्यांची विश्रांती सांभाळणं ही तुमची जबाबदारी आहे. दमलेल्या माणसाच्या हातून काय होतं ते गिटलॅबच्या गोष्टीत आलंच.

आता ईआरपी. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षात नवी ईआरपी घेऊ नका. मालकांना ती हवी आहे कारण आकडे जुळत नाहीत. आकडे का जुळत नाहीत ते आधी बघा. मी पाहिलेल्या कारखान्यांत बहुतेक वेळा कारण सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच. एकाच बोल्टला तीन आयटम कोड, किलोने घेतलेला माल नगाने वापरात टाकलेला, स्क्रॅपची नोंद आठवड्याने, जॉबवर्कला गेलेला माल परत आल्याची एंट्री कोणीच करत नाही. हीच घाण उचलून नव्या ईआरपीत ओतली तर दोन कोटी खर्चून आकडे तितकेच चुकतील. मास्टर डेटा, म्हणजे आयटम, सप्लायर यांच्या मूळ नोंदी, साफ करायला स्टोअर, परचेस आणि प्रॉडक्शनचा प्रत्येकी एक जाणता माणूस रोज एक तास द्या. तीन-चार महिने लागतात. हे काम रटाळ आहे आणि त्याचं उद्घाटन होत नाही, पण माझ्या सबंध नोकरीत इतका फायदा दुसऱ्या कशाने झालेला मला आठवत नाही.

आणि एक्सेल, वह्या, व्हॉट्सॲपचे ग्रुप, यांच्यावर लगेच बंदी घालू नका. एका डिस्पॅच सुपरवायझरकडे लाल पाठीची डायरी होती. ईआरपी असताना हे काय, म्हणून मी ती बंद करायला निघालो होतो. सुदैवाने आधी त्यांच्याशेजारी दोन तास बसलो. ‘साहेब, ईआरपीत गाडी नंबर टाकला की मग माल बदलता येत नाही,’ ते म्हणाले, ‘आणि इथे रोज शेवटच्या अर्ध्या तासात ग्राहकाचा फोन येतो की हा पार्ट आधी पाठवा, तो नको.’ त्या डायरीत खरी प्रक्रिया लिहिलेली होती. ईआरपीतला क्रम बदलून घेतला आणि महिनाभरात डायरी आपोआप बंद झाली. जिथे जिथे समांतर वही दिसते तिथे सिस्टिम कुठेतरी अडते आहे असं धरा आणि जाऊन बसा.

पुढे कधी नवी ईआरपी घ्यायचीच झाली, तर सगळं एका रात्रीत हलवू नका. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी आपले सगळे ग्राहक नव्या प्रणालीवर नेले. सोमवारी सुमारे १९ लाख ग्राहकांना स्वतःच्या खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्यांची खाती दिसली, आणि घडी बसायला महिने लागले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांना ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. आधी एक विभाग, मग एक प्लांट, आणि जुनी प्रणाली काही काळ बाजूला चालू. व्हेंडरच्या करारात दोन गोष्टी भांडून लिहून घ्या: करार संपला तर आमचा सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात किती दिवसांत मिळेल, आणि आमच्यासाठी खास केलेल्या बदलांचा कोड कोणाचा. आणि कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे, ती बंद करता येता कामा नये. दहा वर्षं जुन्या ईआरपीत हे आहे का, ते ऑडिटरने विचारायच्या आत तुम्ही विचारा.

बदलांबद्दल एवढंच: एक रजिस्टर ठेवा. कोणता बदल, कोणी, कधी, का, आणि फसला तर मागे कसं यायचं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बदल करायचा नाही. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीने आठ सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर टाकायचं होतं, ते सातांवरच टाकलं. आठव्यावरचा जुना कोड बाजार उघडताच जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. शुक्रवारी संध्याकाळी काहीही बदलू नका. १९ जुलै २०२४ शुक्रवारच होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या हाताने लिहिलेल्या पासवर विमानं उडाली, हे लक्षात घ्या. तुमच्या डिस्पॅचकडेही छापील, कोऱ्या चलनांचं एक पुस्तक आणि ते कधी वापरायचं याची एक पानी सूचना असू द्या.

सुरक्षेकडे वेगळा विषय म्हणून बघायची गरज नाही, तिथेही तोच प्रश्न आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी जगभर बंद पडली, आणि त्यात आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनलही थांबलं. पुण्या-चाकणचा निर्यातीचा माल त्याच बंदरातून जातो. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या त्यांच्या सर्व्हरची शाबूत प्रत सापडली ती फक्त घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. इतक्या मोठ्या कंपनीचं परत उभं राहणं योगायोगावर टेकलं होतं. युक्रेनच्या त्या सॉफ्टवेअरशी चाकणच्या कारखान्याचा काही संबंध नव्हता, तरी कंटेनर अडकले.

तुमच्यासारख्या कारखान्यात मी चार गोष्टी लगेच करीन. ईमेल आणि बाहेरून आत येण्याचा प्रत्येक मार्ग ओटीपी किंवा ॲपच्या दुसऱ्या खातरजमेशिवाय उघडणार नाही असं करा. रोजच्या कामाचं लॉगिन आणि ॲडमिनचं लॉगिन वेगळं ठेवा. विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, ते संगणक शोधा. आणि सीएनसीला (संगणकाने चालणाऱ्या मशिनला) जोडलेले जे जुन्या विंडोज एक्सपीचे संगणक असतील, ते बदलता येणार नाहीत हे मला माहीत आहे, मशिनवाली कंपनी त्यासाठी नवं कंट्रोलर घ्यायला सांगते आणि ते परवडत नाही. मग त्यांना वेगळ्या नेटवर्कवर टाका, इंटरनेट पूर्ण तोडा, आणि पेन ड्राइव्ह एकाच ठरलेल्या, तपासणाऱ्या संगणकातून जाऊ द्या.

अकाउंट्सच्या माणसांबरोबर मात्र तुम्ही स्वतः तासभर बसा. आपल्या भागातल्या कारखान्यांचे पैसे सर्वांत सोप्या मार्गाने जातात ते असे: ओळखीच्या सप्लायरच्या नावाने मेल येतो की आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यात करा. मेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा असतो. कधी पत्ताही खराच असतो, कारण सप्लायरचाच मेल चोरांच्या हातात असतो. खातं बदलायचं असेल तर आपल्याकडे आधीपासून नोंदलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि दोन सह्यांशिवाय मास्टर बदलायचा नाही. याला एक रुपयाही लागत नाही. फसवणूक लक्षात आलीच तर त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येतात, नंतर ते हातातून जातात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (प्रणालीत काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस सांभाळावे लागतात. सहा तासांत कोण, कुठे आणि काय कळवणार, ते कागदावर आधीच लिहून ठेवा. त्या रात्री सुचत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा कारखान्यालाही आपल्या कक्षेत घेतो. कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती, मेडिकलचे रिपोर्ट तुमच्याकडेच असतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. एचआरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये कोणाकोणाला शिरता येतं ते बघा, बहुतेक ठिकाणी सगळ्यांना येतं.

राहिले तुमचे साहेब. ‘आयटी म्हणजे खर्च’ हे ते म्हणतात, कारण आपण त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलतो. सर्व्हर सात वर्षं जुना आहे, फायरवॉलचं लायसन्स संपलं, ही वाक्यं त्यांच्या कानावरून जातात. त्यांना मशिन ब्रेकडाउन कळतो. प्रेस बंद पडली तर तासाला किती नुकसान हे त्यांना तोंडपाठ असतं. म्हणून अकाउंट्सकडून एक आकडा काढून घ्या: डिस्पॅच एक दिवस थांबलं तर किती? तो आकडा तुम्ही काढू नका, त्यांच्याच सीएफओने काढू दे. त्याशेजारी लिहा, आज सर्व्हर गेला तर आपल्याला परत उभं राहायला इतके दिवस लागतील, आणि इतके लाख खर्चले तर इतके तास. मग गप्प बसा. निर्णय त्यांचा आहे, आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं तर ते एका ओळीत लिहून, सही घेऊन ठेवा. सही करताना बहुतेक मालक पुन्हा विचार करतात. हे मी अडवणूक म्हणून सांगत नाही. जोखीम कारखान्याची आहे, तेव्हा ती कारखान्याच्या मालकाने डोळसपणे घ्यावी, आयटीच्या पोराने मनातल्या मनात घेऊ नये.

सर्टिफिकेटबद्दल विचारलंत. आयटीआयएलचा (आयटी सेवा कशा चालवाव्यात याच्या पद्धतीचा) पायाभूत अभ्यास करा, त्याने घटना, बदल, तक्रार यांची नीट भाषा मिळते आणि ऑडिटरशी बोलणं सोपं होतं. पण यंदा नको, पुढच्या वर्षी. यंदा तुमचा वेळ शॉप फ्लोअरवर गेला पाहिजे.

तुम्ही लिहिलंत की सोमवारी साहेबांबरोबर बैठक आहे. रविवारी कारखान्यात जा. एक सुटं मशिन घ्या, नेटवर्कपासून तोडा आणि कालचा ईआरपीचा बॅकअप त्यावर पूर्ण उतरवा. उतरल्यावर शनिवारचं शेवटचं इनव्हॉइस उघडून बघा आणि स्टोअरमधल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून पाच आयटमचा स्टॉक जुळवायला सांगा. सुरुवात किती वाजता केली, इनव्हॉइस किती वाजता दिसलं, मध्ये कुठे अडलात, हे सगळं लिहून ठेवा, आणि बैठकीला जाताना तोच कागद बरोबर न्या.